नऊ बार येतात कुठून

एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत ‘१५ बार’ छापलेलं असतं; बार हे दाब मोजायचं एकक. दुकानातला विक्रेताही आधी तिथेच बोट ठेवतो, आणि जरा महागाचं दाखवायचं असेल तर शेजारच्या ‘२० बार’वर. नवीन मशीन घ्यायला निघालेली माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं या आकड्यापाशी येऊन थांबतात. असं कुणी घरी आलं की मी त्यांना स्वयंपाकघरात नेते, मशीनला रिकामी बास्केट, म्हणजे कॉफी भरायची भोकांची वाटी, लावते आणि बटण दाबते. पाणी धो धो खाली येतं आणि दाबाचा काटा शून्याच्या जवळपास पडून राहतो. मग त्याच बास्केटमध्ये बारीक दळलेली १८ ग्रॅम ताजी कॉफी भरते, दाबून सपाट करते आणि पुन्हा तेच बटण दाबते. आता काही सेकंद खाली थेंबही पडत नाही. काटा मात्र चढायला लागतो, सहा, आठ, नऊ, आणि मग दाट तपकिरी धार सुरू होते.

पंप तोच, पाणी तेच. दाब आला तो कॉफीने पाण्याची वाट अडवली म्हणून.

घरच्या एस्प्रेसोबद्दल समजून घ्यायची मुख्य गोष्ट माझ्या मते हीच आहे, आणि बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. १५ बार हा पंपाचा कमाल जोर. पाण्याला पुढे जाऊच दिलं नाही तर पंप तिथवर रेटू शकेल, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. कपात उतरणाऱ्या कॉफीला ९ बारच्या आसपास दाब पुरतो. म्हणून चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडून देणारी झडप असते. दाब फार वाढला तर कॉफीचा थर आणखी आवळला जातो, पाणी त्यातली एखादी कच्ची जागा हेरतं आणि तिथूनच सुसाट निघून जातं. त्या जागेची कॉफी नको इतकी पिळली जाते आणि बाजूची जवळजवळ कोरडीच राहते. एकाच घोटात आंबटही लागतं आणि कडूही.

या नऊ बारपर्यंत पोचायला इटलीला साठ वर्षांहून जास्त काळ लागला. तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेच्या मदतीने झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने एकेका कपासाठी ताजी कॉफी काढता येईल अशी रचना केली, आणि देसिदेरिओ पावोनीने तशी यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली. ती सगळी यंत्रं वाफेवर चालत. दाब जेमतेम दीड-दोन बार, आणि पाणी मात्र उकळतं. कॉफी पटकन मिळायची, पण तिला करपट चव यायची. आकिले गाज्जाने १९४८ मध्ये बाजारात आणलेल्या मशीनमध्ये वाफेऐवजी स्प्रिंगवरचा पिस्टन होता. लांब दांडा खाली ओढायचा, तो सोडला की पिस्टन गरम पाणी कॉफीतून रेटायचा. तेव्हा कुठे कपावर तो सोनेरी फेस, क्रेमा, पहिल्यांदा आला. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ‘ई ६१’ आलं, ज्यात दांडा ओढणाऱ्या हाताची जागा विजेच्या पंपाने घेतली. त्या वर्षी इटलीतून सूर्यग्रहण दिसलं होतं, नावातला ‘ई’ त्या ग्रहणाचा. आज आपल्या ओट्यावरचं छोटं मशीनही त्याच कल्पनेवर चालतं.

आता दाब जर कॉफीमुळेच तयार होत असेल, तर कॉफी कशी दळली यावरच सगळं आलं. पैसे मोजकेच असतील तर मी ते निम्म्याहून जास्त ग्राइंडरवर घालायला सांगते. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण ग्राइंडर ओट्यावर काही दिमाखदार दिसत नाही. पण घरातल्या मिक्सरच्या पात्यांनी कॉफी कापली जाते ती कशीही; त्यात रवाही असतो आणि मैदाही. मैद्यासारखे कण पाण्याची वाट बुजवतात, रव्यासारख्या कणांतून पाणी चव न घेताच निघून जातं. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर आपण ठरवतो आणि बी त्या फटीतूनच जाते. एस्प्रेसोसाठी हे अंतर अगदी थोडं-थोडं बदलता आलं पाहिजे. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडर आता सहज मिळतात आणि एक-दोन कपांच्या घराला ते पुरेसे आहेत. सकाळी मिनिटभर हात चालवावा लागतो, एवढंच.

बऱ्याच घरगुती मशीनसोबत दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक असतं. तिथे पाणी अडतं, दाब तयार होतो, आणि दुकानातून आणलेल्या तयार पुडीवरही फेस येतो. ही सोय मला वाईट वाटत नाही. ज्याला रोज सकाळी विचार न करता दुधाची कॉफी हवी आहे त्याने ती खुशाल वापरावी. पण त्यात अडवण्याचं काम भोक करतं, कॉफी नाही. त्यामुळे दळण बदलून चव बदलायची आपली सूत्रं तिथे फारशी चालत नाहीत. साधी, एकेरी तळाची बास्केट वेगळी मिळते. शिकायचं असेल तर तीच घ्यावी. मात्र चिकोरी मिसळलेली पूड त्यात घालू नये. चिकोरी पाण्यात फार लवकर विरघळते आणि थर चिकट होऊन बसतो. ती आपल्या पितळी फिल्टरमध्येच शोभते.

मग एक छोटा वजनकाटा घ्यायचा, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा. चमच्याने मोजलेली कॉफी रोज वेगळी भरते, आणि भरणं बदललं की अडवणूकही बदलते. इटलीत एस्प्रेसोचं प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेचं माप आहे ७ ग्रॅम कॉफी, २५ सेकंद, २५ मिली. आजकाल जगभरातल्या कॅफेंत १८ ग्रॅम पूड भरून कपात ३६ ग्रॅम कॉफी काढणं, तेही २५ ते ३० सेकंदांत, हे जास्त चालतं. मी इथूनच सुरुवात करायला सांगते. हे माप बरोबरच आहे म्हणून नव्हे, तर एक जागा पक्की असली की तिथून किती हललो ते कळतं म्हणून. पावडर बास्केटमध्ये पडली की तिच्यातल्या गुठळ्या बारीक सुयांनी मोडायच्या. बुचात चार-पाच सुया खोचल्या की हत्यार तयार होतं. जॉन वाइस यांनी २००५ च्या सुमारास ही युक्ती मांडली आणि आता मोठमोठ्या कॅफेंतही ती वापरतात. दाबताना जोर किती लावला याला लोक उगाच महत्त्व देतात. पृष्ठभाग समतल हवा, बस्स.

चव कशी ओळखायची, याला माझ्याकडे एकच चांगला मार्ग आहे. तीन छोटे पेले घ्या. शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) सुरू झाला की पहिले दहा सेकंद एका पेल्यात, पुढचे दहा दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. पहिला पेला दाट, आंबट, जवळजवळ खारट लागतो. दुसऱ्यात गोडवा सापडतो. तिसरा पातळ, कडवट, जिभेला कोरड आणणारा. एकेकटा यातला कुठलाच पेला पिण्याजोगा नाही. तिन्ही एका कपात ओता, आणि एस्प्रेसो तयार होते. आंबटपणा आधी विरघळतो, गोडवा त्यामागून, कडवटपणा शेवटी. घरी आलेल्या माणसाला मी हे एकदा पाजते आणि त्याची भीती जाते. कारण पुढचं सगळं गणित इथेच आहे. शॉट आंबट, पाणचट लागला तर पाणी लवकर निघून गेलंय: दळण थोडं बारीक करा. कडू, तुरट लागला तर उलटं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की काय घडलं ते कधीच कळत नाही.

यात एक मेख आहे. बारीक करत गेलं की चव सुधारत जाते, पण एका टप्प्यानंतर पुन्हा बिघडते, आणि गंमत म्हणजे आंबटपणाकडे बिघडते. थर इतका घट्ट होतो की पाणी फटी शोधून पळतं. अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये हेच दाखवलं. थोडी कमी कॉफी, थोडं भरड दळण, आणि शॉट दरवेळी सारखे येतात. घरात तर हे जास्तच लागू पडतं. घरचं मशीन लहान, ग्राइंडर मध्यम. त्यांना अगदी काठावर नेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

आणि हवा. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी कॉफी दळली की पूड विजेने भारून ग्राइंडरच्या तोंडाला, हाताला, ओट्यावर चिकटते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून त्या हलवल्या की हे थांबतं. याच हेंडन यांच्या गटाने २०२३ मध्ये या थेंबावरही शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मते चिकटणं थांबतंच, शिवाय पुडीच्या गुठळ्या कमी होऊन कॉफी जास्त नीट उतरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की थेंबाची गरज उरत नाही, पण शॉटची चाल पालटते आणि ग्राइंडरची चकती पुन्हा जुळवावी लागते. बिया हवाबंद डब्यात आणि लागेल तेवढ्याच दळायच्या. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही.

माझा आतेभाऊ मेलबर्नला असतो आणि एस्प्रेसो उत्तम करतो. त्याने त्याची मापं मला पाठवली होती: किती ग्रॅम, किती सेकंद, किती तापमान. त्याच्याकडची बी इथिओपियाची, अगदी फिकट भाजलेली. फिकट भाजलेली बी टणक असते, तिच्यातून चव काढायला पाणी जास्त गरम आणि जास्त लागतं. माझ्याकडची बी चिक्कमगळूरूची, मध्यमहून जरा गडद. ती सच्छिद्र, ठिसूळ, पटकन सगळं देऊन टाकणारी. तिला ९४-९५ अंशांचं पाणी दिलं तर राखेची चव येते, ९०-९१ वर ती गोड लागते. आंतरजालावरचे आकडे कुणाच्या बियांचे आहेत ते आधी बघावं.

आपल्याला बियांची ददात नाही. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, पण भारतातली बहुतांश कॉफी आपल्या शेजारी कर्नाटकातच पिकते: कोडगू, चिक्कमगळूरू, हासन. पाकिटावर भाजल्याची तारीख लिहिणारे रोस्टर आता गावोगावी आहेत. एस्प्रेसोसाठी भाजल्यावर आठवडा-दहा दिवस थांबावं. ताज्या बीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, आणि तो शॉटमध्ये उसळून पाण्याची वाट विस्कटतो. महिना उलटला की उलट प्रश्न: वायू गेला, सुगंध गेला, अडवणूकही गेली, आणि कितीही बारीक दळलं तरी धार पळतच सुटते.

अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. त्यातल्या रोबस्टाबद्दल मला जरा पोटतिडकीने लिहायचंय. ‘१०० टक्के अरेबिका’ हे शब्द पाकिटावर असे छापतात की रोबस्टा म्हणजे भेसळ वाटावी. भारतात पिकणाऱ्या कॉफीतली बहुतांश कॉफी रोबस्टा आहे, आणि भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं इटली राहिलं आहे. इटलीतल्या बारमध्ये लोक ज्या दाट क्रेमाचं कौतुक करतात त्यात कोडगूच्या रोबस्टाचा वाटा असतो. रोबस्टात तेल कमी, त्यामुळे फेस टिकतो. कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. हलक्या प्रतीची रोबस्टा जळक्या रबरासारखी लागते, हे खरं. पण नीट पिकलेली, पाण्यात धुऊन साफ केलेली रोबस्टा कोको आणि भाजलेल्या दाण्यांची आठवण देते. चिक्कमगळूरू जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. आपल्या मळ्यांत सर्वदूर दिसणारी ‘एस ७९५’ ही अरेबिका तिथलीच, आणि रोबस्टाचे सुधारित वाणही तिथे तयार झाले. मी घरी सत्तर टक्के एस ७९५ आणि तीस टक्के धुतलेली रोबस्टा मिसळते. दूध घालून पिणाऱ्या घरात याहून चांगलं मिश्रण मला सापडलेलं नाही.

मान्सून्ड मलबारचाही यात हक्क आहे. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी युरोपला जायला महिनोन्‌महिने लागत. तेवढ्या काळात दमट हवेने बिया फुगून फिकट होत आणि त्यांचा आंबटपणा उतरे. वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला, पण तिकडच्या लोकांना तीच जुनी चव हवी होती, असं सांगतात. म्हणून मंगळूरच्या बाजूला गोदामं उघडी ठेवून बियांना पावसाळी वारा खाऊ घालायची रीत पडली. जो नैर्ऋत्येचा वारा कोकणात पाऊस आणतो तोच. ज्यांना काळ्या कॉफीतला आंबटपणा अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी हीच बी. माझे बाबा त्यातले. त्यांच्यासाठी मी ती निराळी ठेवते आणि जरा जास्त भरड दळते.

पाण्याचं थोडक्यात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार बॉयलरमध्ये थर धरतात आणि मशीनचा जीव घेतात. आरओचं पाणी दुसऱ्या टोकाचं: क्षार जवळजवळ नाहीतच, त्यामुळे कॉफी बेचव उतरते. चव ओढून काढायला पाण्यात थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम लागतं. धरणाचं पाणी मिळत असेल तर ते साध्या फिल्टरमधून गाळून घ्यावं, नाहीतर आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळावं. थर साफ करायला लिंबूसत्त्व चांगलं. किती आणि कसं ते मशीनच्या पुस्तिकेत बघून. व्हिनेगरचा वास आठवडाभर जात नाही. आणि रोज शेवटी बास्केट, जाळी पुसून पाणी सोडायचं. कॉफीचं तेल खवट होतं, आणि उद्याच्या चांगल्या शॉटमध्ये कालचा खवटपणा उतरतो.

आता दूध, कारण आपण बहुतेक जण दुधाचीच कॉफी पितो. आपल्या घरांत पिशवी आली की पहिलं काम दूध तापवणं. कॉफीसाठी ते करू नये. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, फ्रीजमधून थेट जगमध्ये ओतावं. उकळून गार केलेल्या दुधात शिजल्याचा वास असतो, प्रथिनं आधीच बदललेली असतात आणि सायीचे तुकडे वाफेच्या नळीच्या भोकांत अडकतात. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र उकळल्याशिवाय वापरू नका, त्याला ही सूट नाही. गाईच्या दुधाच्या पिशवीवर ३.५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो, म्हशीच्या पिशवीवर ६. गाईचं दूध शिकायला सोपं: फेस हलका, चकचकीत, ओतताना वाहता. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त, फेस जाड आणि चव भरघोस, पण ते कॉफीला गिळून टाकतं. तिथे रोबस्टाचा ताठरपणा कामी येतो. ३६ ग्रॅमच्या शॉटला मी म्हशीचं शंभर मिलीच दूध घेते, गाईचं दीडशेपर्यंत चालतं.

वाफ सोडताना सगळी हवा सुरुवातीलाच घ्यायची. नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं, कागद टरकावल्यासारखा बारीक आवाज आला पाहिजे, आणि जग हाताला कोमट लागेपर्यंतच. मग टोक थोडं खाली, जग थोडा तिरका, की दूध गोल फिरायला लागतं आणि मोठे बुडबुडे आत ओढले जाऊन मोडतात. जग धरवेनासा झाला की थांबायचं. ते साठ अंशांच्या आसपास असतं. दूध तिथे सर्वांत गोड लागतं. सत्तरच्या पुढे गेलं की उकळलेल्या दुधाचा वास येतो. ‘कॉफी गरम नाही’ ही तक्रार येतेच. त्यावर कप आधी गरम पाण्याने तापवून घ्यावा, दूध नव्हे. एकच बॉयलर असलेल्या मशीनवर शॉट आधी, दूध नंतर, आणि पुढच्या शॉटआधी थोडं पाणी वाहू देऊन बॉयलर निववायचा. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची.

आमच्या आईला कॉफी म्हणजे जायफळ लागतं. तिच्या पिढीच्या घरांतून पाहुण्यांना जी कॉफी मिळायची तिला तोच वास होता, आणि तो एस्प्रेसोच्या कपातही असावा हा तिचा आग्रह मला पूर्ण पटतो. कॅफेत फेसावर दालचिनीची पूड भुरभुरतात तसं जायफळ वर घातलं तर पहिल्या घोटात तिखट लागतं आणि पुढे गायब होतं. त्याची सुगंधी तेलं स्निग्धात विरघळतात. म्हणून मी सहाणेवर नव्हे, बारीक किसणीवर जायफळाचे दोनच फटके कपाच्या तळाशी मारते, त्यावर शॉट काढते, आणि मग म्हशीचं दूध ओतते. सुगंध शेवटच्या घोटापर्यंत राहतो. साखरही तिथेच, शॉटच्या आधी घालते. गरम एस्प्रेसो वरून पडली की ती विरघळते, आणि नंतर चमचा घालून फेस मोडावा लागत नाही.